घरचा संगणक (भाग ६) : फुकटातलं कोणतं घ्यायचं?

मागच्या भागात जुना संगणक घेताना काय तपासायचं ते पाहिलं. नळदुर्गातल्या पुष्कळ घरांत संगणक येतो तो असाच : सोलापूरच्या एखाद्या दुकानातून, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, चार जीबी रॅमचा. दुकानदार तो 'सगळं टाकून' देतो. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरलड्रॉ, मराठी फाँट, वर एखादा अँटीव्हायरस. वेगळे पैसे नाहीत. घरी आणून लावला की चालूही होतो, म्हणून कोणी पुढे विचारत नाही.

विचारायला हवं. यातली बरीचशी सॉफ्टवेअर फोडलेली असतात. विकत घ्यायचं सॉफ्टवेअर पैसे न देता चालावं म्हणून त्याच्यासोबत एक छोटा प्रोग्राम चालवला जातो, आणि तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. चोराला आत घेण्याआधी कुत्रं बांधून ठेवण्यासारखंच हे आहे. त्या छोट्या प्रोग्रामने आणखी काय काय आत सोडलं, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. पुढे त्याच संगणकावर तुम्ही बँकेचं खातं उघडता, आधार कार्डाची पीडीएफ ठेवता, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरता. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : घरच्या संगणकावर सगळ्यात महाग पडतं ते चोरीचं सॉफ्टवेअर. त्याची गरजही राहिलेली नाही, कारण घरच्या जवळजवळ प्रत्येक कामाला रीतसर मोफत सॉफ्टवेअर मिळतं.

पण 'मोफत' या एकाच नावाखाली वेगवेगळे प्रकार येतात. लिब्रेऑफिस किंवा व्हीएलसी ही मुक्त सॉफ्टवेअर. त्यांचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो, घरी वापरा, दुकानात वापरा, मित्राला कॉपी द्या, सगळं कायदेशीर. इरफानव्ह्यू हा फोटो पाहण्याचा प्रोग्राम मोफत आहे, पण फक्त घरगुती वापरासाठी. तुमचा फोटो स्टुडिओ असेल तर परवाना घ्यावा लागतो. फाइली आवळून झिप करणारा विनरार तर मोफत नाहीच. ती ४० दिवसांची चाचणी असते, मुदत संपल्यावरही प्रोग्राम चालत राहतो, म्हणून लोकांना तो फुकट वाटतो. त्याच कामासाठी १९९९ पासून सेव्हन-झिप आहे आणि ते खरोखर मुक्त आहे. चौथा प्रकार पैसे मागत नाही, पण स्क्रीनभर जाहिराती दाखवतो आणि तुमची माहिती गोळा करतो. संगणक 'साफ' करून देणारे, ड्रायव्हर 'अपडेट' करून देणारे प्रोग्राम बहुतेक या चौथ्या जातीचे. ते नकोतच.

आता निवड. याद्या पाहून सॉफ्टवेअर निवडू नका. आधी घरात संगणकावर काय काय होतं ते कागदावर लिहा. आपल्याकडे साधारण हे निघेल : मुलांच्या परीक्षेचे आणि प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, सातबारा उतरवून घेणं, सोयाबीन-तुरीचा जमाखर्च, तहसीलला किंवा नगरपरिषदेला द्यायचा मराठी अर्ज, शाळेचा प्रकल्प, लग्नाच्या जुन्या सीडी. एवढ्याला फोटोशॉप लागत नाही.

अर्ज आणि हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस घ्या. २०१० साली ओपनऑफिसमधून काही मंडळी बाहेर पडली, त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढली आणि तिथून लिब्रेऑफिस सुरू झालं. ओपनऑफिस हे नाव जुन्या पुस्तकांतून आणि क्लासमधून अजून कानावर येतं, पण त्याची शेवटची मोठी आवृत्ती २०१४ ची आहे. ते उतरवू नका. लिब्रेऑफिस मराठीतूनही वापरता येतं, मेनूसकट. उतरवताना संस्थेच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये त्याला थोडी किंमत लावलेली दिसेल, संकेतस्थळावर तेच विनामूल्य आहे.

एमएस-सीआयटी करून आलेल्या मुलांची इथे एक तक्रार असते : 'आम्ही वर्ड-एक्सेल शिकलो, हे वेगळं दिसतं.' दिसायला वेगळं आहे, कामाला फारसं नाही. बेरीज, सरासरी, अटीचं सूत्र लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्येही एक्सेलसारखंच लिहितात. खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक, कोणी वर्डमध्ये बारकाईने आखलेली फाइल पाठवली तर ओळी इकडेतिकडे होतात. दोन, एक्सेलमधले मॅक्रो बऱ्याचदा चालत नाहीत. म्हणून दुसऱ्याला फक्त वाचायला किंवा छापायला द्यायचं असेल तर नेहमी पीडीएफ करून द्या. लिब्रेऑफिसमध्ये त्याचं बटण वरच्याच पट्टीवर आहे. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह देताना तर पीडीएफच हवी, नाहीतर तिथल्या संगणकावर फाँट नसला की मराठी मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात.

हा फाँटचा घोळ जुना आहे. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएम यांच्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे. तरीही टायपिंग शिकून आलेली मुलं घरी येऊन आधी कृतिदेव शोधतात आणि कुठल्यातरी भलत्याच संकेतस्थळावरून तो उतरवतात. त्याची गरज नाही. विंडोजमध्येच मराठी कीबोर्ड आहे. सेटिंग्जमध्ये भाषेत जाऊन मराठी जोडा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळेल. विंडोज १० च्या २०१९ सालच्या आवृत्तीपासून 'मराठी फोनेटिक' नावाचा कीबोर्डही त्यात आहे, त्यावर इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिता येतं. गुगल इनपुट टूल्सची संगणकावर बसवायची आवृत्ती गुगलने कधीच बंद केली. आज तिच्या नावाने जे फिरतं, त्या तिसऱ्याच कोणाकडच्या जुन्या कॉपी आहेत. घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन, त्याला इनस्क्रिप्टच शिकवा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी सोपी मांडणी आहे. ती एकदा बोटांत बसली की हिंदीही त्याच कळांवर लिहिता येतं.

फाँटचीही चिंता नको. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला 'मुक्त' नावाचा फाँट खुल्या परवान्याचा आहे, तो पत्रिकेत वापरा, फलकावर वापरा, कोणी अडवणार नाही.

अर्जांच्या मोसमात सगळ्यांत जास्त धांदल होते ती फोटो आणि सही यांपायी. संकेतस्थळ म्हणतं फोटो इतक्या केबीपेक्षा मोठा नको, सही इतक्या केबीत बसवा. त्यासाठी बसस्थानकाजवळच्या सेवा केंद्रात रांग लावायची आणि प्रत्येक फोटोचे वेगळे पैसे मोजायचे. घरी इरफानव्ह्यू असेल तर हे काम काही मिनिटांचं आहे. फोटो उघडा, हवा तेवढा भाग कापा, आकार लहान करा. जेपीजी म्हणून साठवताना फाइल किती केबीची हवी तेही सांगता येतं. पीडीएफ जोडायच्या असतील, म्हणजे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका एकाच फाइलमध्ये करायच्या असतील, तर पीडीएफसॅम बेसिक घ्या. ते मुक्त आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं.

इंटरनेटशिवाय, यावर माझा जोर का आहे ते सांगतो. 'पीडीएफ लहान करा' असं गुगलवर शोधलं की डझनभर संकेतस्थळं समोर येतात. तिथे फाइल टाकायची, ते लहान करून परत देतं. पण फाइल जाते त्यांच्या संगणकावर. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक ही कागदपत्रं अशी परक्याच्या हाती द्यायची नसतात. ज्या कामाला ऑफलाइन प्रोग्राम मिळतो, तिथे तोच घ्यावा. आपल्याकडे वीज आणि मोबाइलचा हॉटस्पॉट दोन्ही ऐन वेळी दगा देतात, त्या दृष्टीनेही हेच बरं.

सातबाराची पीडीएफ उघडायला, परीक्षेचं प्रवेशपत्र छापायला वेगळं जड काही नको. सुमात्रापीडीएफ हा लहानसा मुक्त प्रोग्राम जुन्या संगणकावरही चटकन उघडतो. डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो. तो मूळ फाइलच्या रूपात जपून ठेवावा.

गाणी, कीर्तनं, लग्नाच्या सीडी यांच्यासाठी व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हे उभं राहिलं आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली आहे. व्हीएलसीची एक गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२२ च्या सुरुवातीला आपल्या देशात व्हीएलसीचं मूळ संकेतस्थळ उघडेनासं झालं. सरकारी आदेशाने घातलेली ती बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली. मधल्या काळात ज्यांना व्हीएलसी हवं होतं त्यांना मूळ जागीच जाता येत नव्हतं, आणि असा माणूस जे पहिलं संकेतस्थळ सापडेल तिथून उतरवतो. आता अडचण नाही. व्हीएलसी घेताना संकेतस्थळाचं नाव व्हिडिओलॅन आहे याची खात्री करा. पानावर मोठ्ठं हिरवं 'डाउनलोड' दिसलं म्हणून दाबू नका, पुष्कळदा ती जाहिरात असते.

मुलांसाठी थोडंच, पण चांगलं. गणिताला जिओजेब्रा. सातवीच्या पुढच्या मुलाने वर्तुळाचा स्पर्शक त्यात हलवून पाहिला की पुस्तकातलं प्रमेय कळतं. आकाशासाठी स्टेलॅरियम. त्यात नळदुर्ग हे ठिकाण घालून रात्रीची वेळ दिली की गच्चीवरून दिसणारे तारे नावांसह समोर येतात. संदर्भासाठी किविक्स. यात अख्खा मराठी विकिपीडिया एकदा उतरवून ठेवता येतो, मग हॉटस्पॉट नसला तरी चालतं. इथल्या मुलांना शाळेत नळदुर्गच्या किल्ल्यावर प्रकल्प मिळतोच. बोरी नदीवरचा बांध, त्यातला पाणीमहाल, नर-मादी धबधबे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा काळ, याचं सादरीकरण लिब्रेऑफिसच्या इम्प्रेसमध्ये छान होतं. फोटो मात्र मुलांनी स्वतः किल्ल्यात जाऊन काढावेत.

ही सॉफ्टवेअर शिकायची कशी? मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम आहे. लिब्रेऑफिस, लिनक्स, चित्रांसाठीचं गिम्प अशा मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे धडे तिथे मराठी निवेदनासह मोफत मिळतात. धडा ऐकायचा, थांबवायचा, तेच आपल्या संगणकावर करायचं. गावात क्लास नसला तरी अडत नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. मुलाला सोलापुरात एखाद्या दुकानात हिशेबाची नोकरी धरायची असेल तर तिथे टॅली मागतील, आणि मुक्त सॉफ्टवेअरमधलं ग्नूकॅश येतं म्हणून भागणार नाही. त्यासाठीही चोरीची टॅली नको. टॅलीतच शिकण्यासाठीची मोफत पद्धत आहे. तिच्यात महिन्याच्या मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात, सरावाला तेवढ्या पुरतात. डिजिटल बॅनरच्या दुकानात काम करायचं असेल तर तिथे कोरलड्रॉ असतो. घरी इंकस्केप या मुक्त प्रोग्रामवर हात बसवावा आणि काम पीडीएफमध्ये द्यावं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, विंडोजचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणं थांबलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सोलापूरहून आलेले आपले बरेच संगणक त्यात बसत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्या मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्या पैसे न देताही घेता येतात. ज्यांनी नाव नोंदवलेलं नाही त्यांनी आजच नोंदवावं.

पण तो फक्त थोडा अवधी आहे. पुढचा मार्ग म्हणजे विंडोजच्या जागी बसवायचं मोफत लिनक्स मिंट. त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार जीबीच्या संगणकावर नीट चालते, दिसायला विंडोजच्या जवळची आहे, आणि लिब्रेऑफिस तिच्यात आधीपासूनच असतं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात, तेव्हा मुलांना जमणार नाही ही शंका सोडा. मिंट पेनड्राइव्हवर घेऊन संगणकात काही न बदलता चालवून पाहता येतं. त्या वेळी वायफाय लागतं का आणि छपाई होते का, या दोन गोष्टी तपासाच. कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्याकडे घरोघरी दिसणारा प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतो. टॅली आणि डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनीही विंडोज सोडू नये. एचपीचे बहुतेक प्रिंटर मिंटवर सहज चालतात.

अँटीव्हायरस विकत घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल, आणि फोडलेलं काही नसेल, तर घरच्या कामाला तो पुरतो. दुकान किंवा सेवा केंद्र चालवत असाल, दिवसभर परके पेनड्राइव्ह लागत असतील, तर पुण्याच्या क्विक हीलसारखा रीतसर परवाना घेणं योग्य. घरच्या खर्चाला थोडे पैसे असतील तर ते आधी एसएसडीवर घाला. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसली की संगणकाचा वेग असा वाढतो की तसा कोणत्याही सॉफ्टवेअरने वाढत नाही.

पुढच्या भागात बॅकअप. तोवर एवढं करा : घरातले फोटो आणि कागदपत्रं एका चांगल्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि मगच फोडलेली सॉफ्टवेअर काढायला हात लावा.