मागील आस-गुणोत्तर

मागील आस-गुणोत्तर : मोटारगाडीच्या एंजिनाची गती मागील चाकांपर्यंत पोहोचताना मागील आसावरील दंतचक्रांत तिची जी शेवटची घट होते, तिचे प्रमाण. आसाकडे येणाऱ्या प्रचालक दंडाच्या टोकाशी एक लहान दंतचक्र असते. त्यास पिनियन म्हणतात. ते आसावरील मोठ्या कंकणाकार दंतचक्रास, म्हणजे क्राउनला, फिरविते. क्राउनच्या दात्यांच्या संख्येस पिनियनच्या दात्यांच्या संख्येने भागले असता आस-गुणोत्तर मिळते. क्राउनला ४३ व पिनियनला ११ दाते असल्यास गुणोत्तर ३.९०९ येते. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास प्रचालक दंडाचे सुमारे ३.९ फेरे व्हावे लागतात. हे गुणोत्तर वाढविल्यास गाडी अधिक चपळ होते व चढावर अधिक जोराने ओढते. मात्र त्याची किंमत वाढलेले फेरे, वाढलेला आवाज व इंधनाचा अधिक खर्च या रूपाने द्यावी लागते.

विभेदी दंतचक्रमालेशी संबंध : क्राउनच्या आत विभेदी दंतचक्रमाला, म्हणजे डिफरन्शियल, बसविलेली असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. उदा., दोन चाकांतील अंतर १.३ मी. असलेली गाडी १० मी. त्रिज्येच्या वळणावरून गेली, तर बाहेरचे चाक १०.६५ मी. व आतले चाक ९.३५ मी. त्रिज्येच्या कंसावरून जाते. दोन्ही चाके एकाच दंडाला घट्ट जोडलेली असती, तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर घासत जावे लागले असते. विभेदी दंतचक्रमाला दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देते, परंतु त्यांच्या वेगांची सरासरी क्राउनच्या वेगाएवढीच राहते. ही योजना फ्रान्समधील ऑनेसिफोर पेकर यांनी वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी १८२७ मध्ये योजिली. गुणोत्तर ठरविण्याशी मात्र तिचा संबंध नाही. ते काम क्राउन-पिनियनची जोडी करते. ही दोन्ही अंगे एकाच कवचात असल्यामुळे ‘डिफरन्शियल बदलणे’ हा शब्दप्रयोग दुरुस्ती कारखान्यांत रूढ झाला आहे. प्रत्यक्षात बहुधा केवळ क्राउन-पिनियन बदललेले असते.

आरंभीच्या गाड्यांत साखळी किंवा सरळ दात्यांची शंकूरूप दंतचक्रे वापरीत. पुढे सर्पिल दात्यांची चक्रे आली. १९२६ च्या सुमारास अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने विकसित केलेली हायपॉइड दंतचक्रे पॅकार्ड गाड्यांत वापरात आली. त्यांत पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापेक्षा खाली असतो. त्यामुळे प्रचालक दंड खाली आणता येतो व गाडीचा तळ सखल ठेवता येतो. तथापि या दात्यांत घसरण अधिक होत असल्याने त्यांना विशेष प्रकारचे तेल लागते.

वेग व फेरे यांचा हिशेब : चाकाचा परिघ १.९ मी. असलेली एक गाडी घेतली व तिच्या दंतचक्रपेटीतील सर्वांत वरचा टप्पा थेट, म्हणजे १ गुणोत्तराचा, मानला, तर ताशी ८० किमी. वेगास चाके मिनिटाला सुमारे ७०२ फेरे करतात. आस-गुणोत्तर ३.९०९ असल्यास एंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे २,७४३ येतात, तर ४.३ असल्यास ते सुमारे ३,०१८ होतात. उलट, मिनिटाला ४,००० फेऱ्यांना पहिल्या गुणोत्तराने ताशी सुमारे ११७ किमी. व दुसऱ्याने १०६ किमी. वेग मिळतो. म्हणजे गुणोत्तर १० टक्के वाढल्यावर चाकावरील जोर प्रत्येक टप्प्यात १० टक्क्यांनी वाढतो आणि त्याच प्रमाणात त्या टप्प्यातील कमाल वेग घटतो.

आस-गुणोत्तर बदलल्याने एंजिनाची शक्ती वाढत नाही. बदलते ते फक्त वेग व जोर यांतील वाटप. म्हणूनच प्रवेगातील लाभही सर्व वेगांना सारखा नसतो. दंतचक्रपेटीतील दुसऱ्या टप्प्याचे गुणोत्तर २.१७ व तिसऱ्याचे १.३८ आहे आणि एंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांपर्यंत चालविता येते, असे मानू. ३.९०९ गुणोत्तराची गाडी दुसऱ्या टप्प्यात ताशी सुमारे ७४ किमी. पर्यंत जाऊ शकते, तर ४.३ गुणोत्तराच्या गाडीला ताशी ६७ किमी. लाच तिसरा टप्पा घालावा लागतो. परिणामी ताशी ६७ ते ७४ किमी. या पट्ट्यात मूळ गाडीच अधिक जोराने ओढते. गाडी चपळ झाल्याचा अनुभव मुख्यतः थांब्यावरून निघताना आणि वरच्या टप्प्यात टप्पा न बदलता वेग वाढविताना येतो.

कमाल वेगावरील परिणामही मूळ जुळणीवर अवलंबून असतो. कमाल वेगास एंजिन आपल्या सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नसेल, तर गुणोत्तर थोडे वाढविल्याने कमाल वेगसुद्धा वाढतो. ते आधीच तेथे पोहोचत असेल, तर तो घटतो व एंजिन मर्यादेपलीकडे फिरविले जाण्याचा धोका निर्माण होतो.

रस्ता व चढ : गुणोत्तराची योग्यता रस्त्यावरून ठरते. गुहागर ते विजयपूर (विजापूर) हा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६६-ई याचे चांगले उदाहरण आहे. कोकणातून निघालेला हा रस्ता चिपळूणनंतर कुंभार्ली घाटाने सह्याद्री चढतो, पाटणवरून कऱ्हाडला कृष्णेच्या खोऱ्यात येतो, तेथून सुर्ली घाटाने पुन्हा वर चढून कडेगावमार्गे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण विटा येथे पोहोचतो आणि पुढे जतच्या बाजूने कर्नाटकात जातो. घाटातील चढ आणि विट्याच्या परिसरातील मोकळा रस्ता या दोहोंना एकच गुणोत्तर आदर्श असू शकत नाही.

१५ मी. अंतरास १ मी. उंची, अशा चढावर १,००० किग्रॅ. वजनाच्या गाडीला मागे खेचणारी गुरुत्वीय प्रेरणा सुमारे ६५४ न्यूटन असते. चाकांचा लोटन-रोध वजनाच्या दीड टक्का धरल्यास त्यात १४७ न्यूटनांची भर पडते. हवेचा रोध सोडला तरी चाकांवर सुमारे ८०१ न्यूटन प्रेरणा लागते. वर घेतलेल्या परिघाच्या चाकासाठी याचा पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे २४२ न्यूटन-मीटर येतो. थेट टप्प्यात आणि प्रेषणाची कार्यक्षमता ९२ टक्के धरून एंजिनाकडून ३.९०९ गुणोत्तरास ६७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, तर ४.३ गुणोत्तरास ६१ पुरतो. एंजिनाचा टॉर्क ६५ न्यूटन-मीटर असल्यास पहिल्या गाडीचा वेग पडत जाऊन चालकाला खालचा टप्पा घालावा लागेल. दुसरी गाडी मात्र त्याच टप्प्यात चढ पार करील. ओझे वाहणाऱ्या गाडीत हा फरक अधिकच जाणवतो.

वाहनांतील उदाहरणे : क्रीडागाड्यांच्या निर्मात्यांनी एकाच आसासाठी अनेक गुणोत्तरे उपलब्ध ठेवण्याची प्रथा पाडली. ब्रिटनमधील एम्‌जी कंपनीच्या एम्‌जीए या गाडीला (१९५५–६२) मूळ ४.३ गुणोत्तर असे, तर मागणीनुसार ४.१ किंवा ४.५५ मिळे. पहिले लांबच्या प्रवासास व दुसरे लहान, वळणदार शर्यतमार्गास उपयुक्त होते. तिच्यानंतर आलेल्या एम्‌जीबीला (१९६२–८०) ३.९०९ गुणोत्तर देण्यात आले. वर वापरलेले आकडे या दोन गाड्यांच्या गुणोत्तरांवरूनच घेतले आहेत.

महाराष्ट्रातील वाचकास अधिक परिचित उदाहरण जीपचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपला ८ दात्यांचे पिनियन व ३९ दात्यांचे क्राउन, म्हणजे ४.८८ गुणोत्तर होते. १९४५ मध्ये तीच गाडी नागरी उपयोगासाठी सीजे-२ए या नावाने आणताना शेतीकाम व ओढकाम यांचा विचार करून क्राउनला ४३ दाते देण्यात आले व गुणोत्तर ५.३८ झाले. पुढील सीजे-३बी या प्रकारातही ते कायम राहिले. हीच जीप मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने परवान्यान्वये भारतात दीर्घकाळ तयार केली. खडबडीत रस्त्यावर जीप मंद गतीने, पण न अडखळता ओढत असे आणि हमरस्त्यावर तिचे एंजिन लवकरच कर्कश होई. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी हे गुणोत्तर होते. चारही चाके चालविणाऱ्या अशा गाडीत पुढील व मागील आसांचे गुणोत्तर समान असणे आवश्यक असते. एकच आस बदलल्यास कठीण रस्त्यावर चारचाकी चालना जोडताच दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढू लागतात व प्रेषणातील भाग मोडू शकतात.

बदलण्याची पद्धत : क्राउन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेले असतात व त्यांवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. त्यामुळे दोन्ही नेहमी जोडीनेच बदलावे लागतात. दात्यांच्या संख्या शक्यतो परस्परांस सामाईक विभाजक नसलेल्या ठेवतात. त्यामुळे प्रत्येक दाता क्रमाने समोरच्या प्रत्येक दात्याशी भिडतो व झीज सारखी होते.

जोडी बसविताना तीन गोष्टी काटेकोरपणे साधाव्या लागतात. पहिली, पिनियनची खोली. ती पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालून ठरवितात. दुसरी, पिनियनच्या धारव्यांवरील पूर्वताण. पिनियन फिरविण्यास किती टॉर्क लागतो यावरून तो मोजतात. तिसरी, दात्यांमधील मोकळीक. मोटारगाडीत ती सामान्यतः ०.१ ते ०.२ मिमी. असते व दर्शक मापकाने तपासतात. शेवटी काही दात्यांना रंग लावून क्राउन फिरवितात आणि उमटलेला ठसा पाहतात. ठसा दात्याच्या मध्याजवळ असावा. तो दात्याच्या टोकाकडे किंवा बुडाकडे सरकला असेल, तर पिनियनची खोली चुकली आहे, असे समजावे. मोकळीक फार कमी राहिल्यास दाते तापून त्यांचे पृष्ठ उखडते. ती फार अधिक राहिल्यास खडखडाट होतो व दात्यांवर आघात बसतात. जुळणी बिघडल्याची पहिली खूण म्हणजे ठराविक वेगास ऐकू येणारा घुमणारा आवाज. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास दाता तुटून मागील चाके धावत्या गाडीत एकाएकी जखडली जाण्याचा संभव असतो.

हायपॉइड दंतचक्रांना अतिदाब सहन करणारे तेल लागते. त्यातील गंधक व फॉस्फरस यांची संयुगे दात्यांवर संरक्षक थर निर्माण करतात. यांपैकी काही तेले पितळी भागांना अपायकारक असतात. म्हणून ती दंतचक्रपेटीत सरसकट वापरू नयेत. नवी जोडी बसविल्यावर पहिले काहीशे किमी. गाडी हलक्या भाराने चालवून तेल बदलणे हितावह असते.

आनुषंगिक परिणाम : ज्या गाड्यांत वेगमापकाला दंतचक्रपेटीच्या मागील टोकापासून गती मिळते, त्यांत आस-गुणोत्तर वाढविल्यावर वेगमापक खोटा ठरतो. ३.९०९ ऐवजी ४.३ केल्यास ताशी ८० किमी. वेगाला तो ८८ दाखवितो. अंतरमापकही १० टक्के अधिक अंतर नोंदवितो. परिणामी इंधनाचा खर्च प्रत्यक्षात वाढलेला असूनही कागदावर तो कमी झाल्यासारखा दिसतो. म्हणून वेगमापकाचे चालक दंतचक्रही बदलावे लागते. इलेक्ट्रॉनीय नियंत्रण असलेल्या गाड्यांत नियंत्रकातील आकडेही नव्या गुणोत्तराशी जुळवावे लागतात. चाकावरील जोर वाढल्याने ओल्या रस्त्यावर चाक जागीच फिरण्याची प्रवृत्ती वाढते. साध्या विभेदी दंतचक्रमालेत एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच अल्प जोर मिळतो. यावर मर्यादित घसर देणारी विभेदी दंतचक्रमाला हा उपाय आहे. जर्मनीतील ऑटो युनियनच्या शर्यती गाड्यांत ती १९३०–४० या दशकात वापरली गेली.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा भिन्न होतील, असा फेरफार करण्यास मनाई आहे. गुणोत्तराबरोबर एंजिन किंवा गाडीची बांधणी बदलू पाहणाऱ्याने ही मर्यादा ध्यानात घेणे अवश्य आहे.

दंतचक्रपेटीत पाचवा, अतिवेगी टप्पा आल्यापासून ही निवड सोपी झाली. ४.३ गुणोत्तराबरोबर ०.८२ गुणोत्तराचा अतिवेगी टप्पा असल्यास हमरस्त्यावरील एकूण गुणोत्तर सुमारे ३.५३ होते, व चढावरचा जोरही कायम राहतो. पुढील चाके चालविणाऱ्या गाड्यांत अंतिम घट दंतचक्रपेटीच्या कवचातच होते. विद्युत् गाड्यांत बहुधा टप्पे नसतात व ८ ते १० च्या दरम्यानची एकच स्थिर घट पुरते, कारण विद्युत् चलित्र शून्य फेऱ्यांपासूनच मोठा टॉर्क देते. तथापि त्यांतही ही घट ठरविताना वेग व जोर यांचा तोच हिशेब करावा लागतो.