खांदा बसला की शर्ट बसला

आज आपण बोलणार आहोत घरातल्या बाप्या माणसांच्या शर्टाबद्दल. हसू नका, हा विषय आपलाच आहे. कारण त्यांचा शर्ट बहुतेक आपणच आणतो. आहेरात आलेला शर्टपीस पेटीतून काढतो, नाहीतर बाजारात अंदाजाने रेडिमेड घेतो. घालणाऱ्याला विचारतं कोण?

माझंच सांगते. आमचे हे दोन वर्षं लग्नकार्याला यायचं टाळत होते. कधी गुडघा दुखतो, कधी रात्रीची लाईट आहे, पाणी धरायचंय. मी भांडायची. पुढे शिवणवर्गाला जायला लागले. सरावासाठी घरी ह्यांना उभं करून टेप लावली, तर पोट भरलं 41 इंच आणि कपाटातला चांगला शर्ट पोटाशी होता 40 इंच! खाली बसलं की बटणांच्या मधून बनियन दिसायचं. चार लोकांत पंगतीला बसायची ह्यांना लाज वाटत होती. त्यांनी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून ठरवलं, माप घेतल्याशिवाय शर्ट नाही.

आता माप कसं घ्यायचं ते ऐका. पहिला बघायचा खांदा. खांद्याचं हाड जिथं संपतं, तिथंच बाहीची शिलाई यायला हवी. शिलाई दंडावर उतरली तर शर्ट मोठा, गळ्याकडे चढली तर लहान. खांदा चुकला की दुरुस्ती अवघड, कारण त्यासाठी बाही, मुंढा सगळंच उसवावं लागतं. म्हणून खांदा बसत नसेल तर शर्ट कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

मग कॉलर. वरचं बटण लावून गळ्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. छातीला अंगाच्या मापापेक्षा साधारण 4 इंच सैल ठेवा. छाती 38 असेल तर शर्ट 42 भरावा. पोटाचं माप उभं राहून घ्या आणि बसवूनही घ्या, बसल्यावर पोट वाढतं. आणि माप घेताना पोट आत ओढू देऊ नका, सगळे ओढतात! पूर्ण बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. शेवटी दोन्ही हात वर करायला सांगा. खोचलेला शर्ट सगळा बाहेर आला तर उंची कमी आहे.

रेडिमेड घेताना नुसत्या आकड्यावर जाऊ नका. 40, 42 असे आकडे असतात. कुणी ते गळ्याच्या सेंटिमीटरचे देतात, कुणी छातीच्या इंचाचे. एका कंपनीचा 40 बसला म्हणून दुसरीचा बसेलच असं नाही. सोपा उपाय सांगते. घरातला सगळ्यात चांगला बसणारा शर्ट सपाट अंथरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. 21 इंच भरले तर घेर 42. तसंच खांदा, बाही, उंची वहीत लिहा. टेप पिशवीत टाका आणि दुकानात त्याच जागा मोजा.

बाही लांब असेल, बाजूने घोळ असेल, तर ते कमी करता येतं. आपल्या गटातली शिवणारी बाईसुद्धा करील. पण तंग शर्ट मोठा करायचा तर आत कापड शिल्लक हवं. म्हणून घेताना शर्ट उलटा करून शिलाईच्या आत बघा.

शिवून घेणार असाल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला 36 इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड लागतं, 58 इंच पन्ह्याचं साधारण 1.60 मीटर. अंगाने मोठ्या माणसाला थोडं जास्त. सुती कापड बेतण्याआधी पाण्यातून काढून वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि मापाची मेहनत वाया जाते.

राहिली आवड. आपण म्हणतो, पुरुषांना काय कळतंय रंगातलं? विचारून तर बघा. आमच्या ह्यांना भडक चौकडी कधीच आवडत नव्हती, मी मात्र वर्षानुवर्षं तीच आणत होते! त्यांना हवा होता फिक्का निळा रंग, अर्धी बाही आणि मोबाईल वाकल्यावर पडणार नाही असा खोल खिसा. मुलाला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. सांगू द्या. आपल्याला काय शोभतं, काय सोयीचं पडतं हे ओळखून तेच घालणं, यालाच स्टाईल म्हणतात. त्याला महाग शर्ट लागत नाही. ढीगभर शर्टांपेक्षा नीट बसणारे तीन पुरतात.

मागच्या लग्नसराईत आमचे हे निळा शर्ट घालून पंगतीला मांडी घालून बसले आणि वाढप्यांच्या आधी उठले नाहीत. मला तेवढंच पुरे झालं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम एकच. घरातल्या प्रत्येक बाप्याचं माप वहीत लिहा आणि माप घेताना विचारा, “तुम्हाला कसला आवडतो?” पुढच्या बैठकीत वही घेऊन या. नमस्कार!