सांडपाण्यातील जड धातू व हाडांचा कोळसा

शहरालगतच्या गावांत सांडपाण्यावर भाजीपाला पिकविण्याची पद्धत जुनी आहे. घरगुती सांडपाण्यात नत्रादी अन्नद्रव्ये असल्याने पीक जोमदार येते. परंतु त्यात धातूंना मुलामा देणाऱ्या किंवा बॅटऱ्या बनविणाऱ्या कारखान्यांचे पाणी मिसळले, की शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातूही शेतात येतात. हे धातू कुजत नाहीत. ते जमिनीत साठतात व पिकावाटे मनुष्याच्या शरीरात शिरतात. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात, खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे दूषित झालेल्या पाण्यावर भात पिकविला जात असे. तो खाणाऱ्या अनेकांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. कॅडमियम हेच त्याचे कारण होय, हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

असे धातू पाण्यातून काढण्यास जनावरांचे टाकाऊ अवशेष उपयोगी पडतात. स्वच्छ केलेली हाडे बंद भट्टीत, हवा न लागू देता, सुमारे ५०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजली असता हाडांचा कोळसा तयार होतो. त्यात मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेट असते. या कोळशाच्या चुऱ्याच्या थरातून सांडपाणी सावकाश झिरपविले, की शिसे फॉस्फेटशी संयोग पावून न विरघळणारे बनते, तर कॅडमियम कॅल्शियमची जागा घेऊन चुऱ्यास चिकटते. पाणी फार आम्ल असल्यास धातू नीट धरले जात नाहीत. म्हणून आम्लता आधी चुन्याने कमी करावी. शेणाचा कोळसाही धातू धरून ठेवतो. मात्र ओले शेण पाण्यात कालविल्यास पाणी अधिकच घाण होते.

ही गाळणी शेताच्या बांधावर नव्हे, तर धातू पाण्यात मिसळतात त्या कारखान्यातच बसविली पाहिजे. तेथे पाणी थोडे व धातूचे प्रमाण अधिक असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाळणीने धातू नाहीसा होत नाही. तो केवळ पाण्यातून कोळशात जातो. हाडांचे खत शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्यामुळे वापरलेला चुरा फुकट मिळत असल्यास तो शेतात टाकण्याचा मोह होईल. तसे कदापि करू नये. एकदा जमिनीत गेलेला धातू काढणे जवळजवळ अशक्य असते. असा चुरा घातक कचऱ्यासाठी नेमलेल्या ठिकाणीच गेला पाहिजे.

धातू डोळ्यांस दिसत नाहीत. यास्तव ग्रामसेवकांनी संशयित नाल्याच्या पाण्याचे व मातीचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. अहवाल येईपर्यंत शेतकरी बंधूंनी त्या पाण्यावर पालक, मेथी इत्यादी पालेभाज्या घेऊ नयेत.