मार्सेल्सचा किनारा व शेजारी पोलिसांचें सहकार्य

शीळफाट्याहून महाप्याकडे जातांना ठाण्याच्या पोलिसांची हद्द संपून नवी मुंबईच्या पोलिसांची सुरू होते. आरोपी त्या रेषेपलीकडे पळाला तरी पाठलाग थांबत नाहीं. कायदा दोहोंकडे एकच असतो. दोन राष्ट्रांमधील रेषेपाशीं मात्र शिपायास थांबावें लागतें. तेथून पुढें चालतात ते अर्ज, करार आणि न्यायाधीशाची चौकशी. पोलिसांना ही रीत कंटाळवाणी वाटते, आणि तें स्वाभाविकहि आहे. ती टाळली गेली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्राच्या ओळखीचें आहे.

विनायक दामोदर सावरकर यांस राजद्रोह व खुनास साहाय्य अशा आरोपांखालीं मार्च १९१० मध्यें लंडनांत अटक झाली आणि १ जुलै रोजीं 'मोरिया' बोटीनें त्यांची हिंदुस्थानाकडे रवानगी झाली. बोट मार्सेल्सला थांबणार होती. म्हणून लंडनच्या पोलीसप्रमुखानें २९ जूनलाच पॅरिसच्या पोलीस खात्यास तसें कळविलें होतें. फ्रेंच सरकारनें ४ जुलै रोजीं स्थानिक अधिकाऱ्यास तार केली कीं, हिंदी क्रांतिकारक कैद्यास सोडवूं पाहतील, तरी बंदोबस्त ठेवावा. येथवर सारें शेजारधर्मास शोभेसेंच होतें.

८ जुलैच्या सकाळीं सावरकर बोटीच्या गवाक्षांतून समुद्रांत उतरून किनाऱ्यास लागले. राजकीय आरोपीस आश्रय देण्याची फ्रान्सची रूढी होती. परंतु एका फ्रेंच शिपायानें, हा अपराध करून पळणारा खलाशी असावा अशा समजुतीनें, त्यांस धरलें आणि बोटीवरील माणसांच्या मदतीनें कांहीं मिनिटांत परत पोंचविलें. ना अर्ज, ना न्यायाधीश! 'सूचना दिल्या आहेत' हें पॅरिसचें लंडनला उत्तर ९ जुलैचें आहे. त्याच दिवशीं बोट मार्सेल्सहून सुटली.

पुढें फ्रान्सनें कैदी परत मागितला व वाद हेगच्या लवादाकडे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं पांच पंचांनीं निर्णय दिला. अटकेंत व स्वाधीन करण्यांत अनियमितपणा झाला खरा, पण फसवणूक वा बळजबरी झाली नाहीं. आणि परक्या अधिकाऱ्याच्या चुकीनें हातीं आलेला कैदी परत केलाच पाहिजे असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यांत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. तोंवर मुंबईच्या विशेष न्यायमंडळानें सावरकरांस दोनदां जन्मठेप सुनावलीहि होती. निर्णय तर्कास धरून असेल; पण तो वाद दोन सरकारांचा होता. ज्याचें आयुष्य पणास लागलें होतें तो त्यांत पक्षकारच नव्हता.

भारताच्या १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्यांत दंडाधिकाऱ्याची चौकशी आणि राजकीय गुन्ह्याचा अपवाद, दोन्ही आहेत. बांगलादेशाशीं २०१३ सालीं झालेल्या प्रत्यर्पण करारांत २०१६ सालीं दुरुस्ती होऊन, मागणीसोबत पुरावा जोडण्याची अट गेली व पकडहुकूम पुरेसा ठरला. काम त्वरेनें व्हावें हा हेतु होता. राजकीय गुन्ह्याचा अपवाद तेवढा, बऱ्याच मर्यादा घालून, करारांत राहिला आहे.