अर्धा बँड

निकालाचा मेल आला तेव्हा मी एका आजींचा नवा गुडघा वाकवत होते. नव्वद अंशांपर्यंत न्यायचा होता आणि आजी पंच्याऐंशीवर हटून बसल्या होत्या. त्यांना पाच मिनिटं विश्रांती दिली आणि मोबाइल उघडला. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७.५, रायटिंग ६. सरासरी सव्वासात. आयईएलटीएसमध्ये सव्वा आला की पुढचा अर्धा धरतात, म्हणून एकूण ७.५. घरी फोन करून आकडा सांगितला तर आईने आधी देवाजवळ साखर ठेवली. मग तिला समजावून सांगावं लागलं की अगं, मी नापास झालेय.

तसं या परीक्षेत पास-नापास नसतं. शून्य ते नऊ असे बँड असतात, मध्ये अर्धे. नापास ठरवते ती पुढची संस्था. ब्रिटनमध्ये 'फिजिओथेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखलेलं आहे. तिथल्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय ते स्वतःला लावता येत नाही. मी तयारी करत होते तेव्हा त्यांची अट होती एकूण ७, आणि चारपैकी एकाही भागात ६.५ च्या खाली चालणार नाही. मी अर्ध्या बँडने अडकले होते.

नवरा आठ महिन्यांपूर्वी मँचेस्टरला गेला होता. लेक आणि मी त्याच्या व्हिसावर जाऊ शकत होतो, त्यात अडचण नव्हती. पण बारा वर्षं लोकांचे खांदे-गुडघे हलवल्यावर तिथे जाऊन नुसतं घरी बसायचं मला जमणार नव्हतं. म्हणून ठरवलं होतं, आधी परीक्षा, मग तिकीट. लेक रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बाबाला विचारायची, "आईचा पेपर झाला का?" जणू मीच दुसरीत होते.

खरं सांगायचं तर वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त आला. शाळा कॉन्व्हेंट, कॉलेज इंग्रजीत, आणि राहणार सिकंदराबादच्या! १८०६ मध्ये सिकंदर जाहच्या नावाने हे गाव वसलं ते इंग्रजांच्या छावणीसाठीच, जुने लोक अजून त्याला 'लष्कर' म्हणतात. तार्नाक्याहून जाताना लहानपणापासून इफ्लूची पाटी बघत आलेली मी. अख्ख्या देशाच्या इंग्रजी शिक्षकांना शिकवायला १९५८ मध्ये सुरू झालेली ही संस्था आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आणि मला इंग्रजी लिहिता येत नाही?

राग उतरल्यावर अमीरपेठेत क्लास लावला. मेट्टुगुडाहून मेट्रोने थेट जाता येतं. अमीरपेठेत एका जिन्यात जावा, पायथन आणि जर्मन एकाच वेळी शिकवतात, तिथेच वरच्या मजल्यावर आमच्या बाई. त्यांनी माझा निबंध वाचला आणि विचारलं, "तुमचं मत कुठल्या ओळीत आहे?" मी शोधलं. एकोणिसाव्या ओळीत होतं.

विषय होता, सरकारने पैसा उपचारांवर जास्त खर्च करावा की आजार टाळण्यावर. मी सुरुवात केली होती आधुनिक युगापासून. मग आरोग्य ही संपत्ती, मग माणसाची धावपळ. आपल्या शाळेतला निबंध आठवा. आधी एखादं सुभाषित, मग प्रस्तावना, मग दोन्ही बाजू, आणि शेवटी एक सुविचार. मला त्यात दहापैकी नऊ पडायचे! इथे परीक्षक चार गोष्टी बघतो. विचारलेल्याचं उत्तर दिलंय का, मुद्दे एकाला एक जोडून येतात का, शब्द, आणि व्याकरण. तासाभरात दोन लेखन असतात. पहिलं दीडशे शब्दांचं, आकडे किंवा आलेख समजावून सांगण्याचं, आणि दुसरं अडीचशे शब्दांचा निबंध. निबंधाला वजन दुप्पट. मी पहिल्यातच अर्धा तास घालवला होता. तुमच्यापैकी कोणी देणार असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा, पहिल्याला वीस मिनिटं, निबंधाला चाळीस.

बाई ऑनलाइनही शिकवायच्या. त्यांनी माझी जोडी लावून दिली ती चीनमधल्या छंगतू शहरातल्या एका बाईशी. तीही माझ्याच धंद्यातली, तिथल्या रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात. तिलाही ब्रिटनच. माझं उलट तिचं, लेखनात ६.५ आणि बोलण्यात ६. चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. मी सकाळी सहाला चहा घेऊन बसायचे तेव्हा तिकडे साडेआठ वाजलेले असायचे आणि ती ड्यूटीला निघण्याच्या घाईत असायची.

पहिल्याच दिवशी ती सासूबाईंबद्दल बोलली आणि प्रत्येक वाक्यात 'ही'. ही कुक्स, ही स्कोल्ड्स मी. मला वाटलं सासऱ्यांबद्दल बोलतेय. नंतर कळलं, बोलताना चिनी भाषेत तो आणि ती दोघांनाही 'था'च म्हणतात. लिहिताना चिन्हं वेगळी, उच्चार एकच. म्हणून कागदावर ती चुकत नव्हती, तोंडाने चुकत होती. मी तिला सांगितलं, आमच्याकडे टेबल 'ते', खुर्ची 'ती' आणि पलंग 'तो'. ती बराच वेळ हसत होती.

छंगतूकडच्या बोलीत न आणि ल यांची सरमिसळ होते. नाइट म्हणायला जायची आणि लाइट व्हायचं. 'नेक पेन' तर हमखास 'लेक पेन'. मला प्रत्येक वेळी वाटायचं, लेकीचं काय दुखतंय? पण तिला हसण्यात अर्थ नव्हता, कारण माझं 'व' तसंच होतं. गंमत बघा, मराठी लिहिताना आपण व्हॅन आणि वॉच हा फरक बरोबर करतो, खालच्या ओठाला वरच्या दातांवर न्यायचं मात्र विसरतो. बाईंनी दोघींना सांगितलं, उच्चाराची ढब जशी आहे तशी राहू द्या, तिचे गुण जात नाहीत. समोरच्याला कळेनासं झालं की जातात.

तिला क्रियापदाचा काळ सापडायचा नाही. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, काल, उद्या असे शब्द आणि एखादा प्रत्यय काम भागवतात. मी तिला आमच्या हैदराबादी 'परसों'बद्दल सांगितलं. परवा, मागच्या महिन्यात, चार वर्षांपूर्वी, सगळं परसोंच! तिला ते इतकं आवडलं की सरावात भूतकाळ चुकला की ती स्वतःच म्हणायची, "परसों, परसों."

आणि माझ्या चुका? ए, अ‍ॅन, द. ना मराठीत, ना चिनीत. त्यात बारा वर्षं केसपेपर लिहून होती ती सवयही मोडलेली. केसपेपरवर कोणी 'द' लिहीत बसत नाही, पेशंट, पेन, लेफ्ट नी, संपलं. मग 'डिस्कस अबाउट', कारण आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो. 'मॅरीड विथ', कारण लग्न कोणा'शी' तरी होतं. ही वाक्यं मी वर्षानुवर्षं बोलत आले, क्लिनिकमध्ये कोणी अडलं नाही, कारण समोरचाही तेच बोलतो. आम्ही दोघींनी एकमेकींच्या चुकांची वही केली. माझ्या वहीत तिच्या आणि तिच्या वहीत माझ्या. स्वतःची चूक डोळ्यांना दिसत नाही, दुसरीची लगेच दिसते.

आकड्यांपाशी मात्र आम्ही दोघी एकाच खड्ड्यात. आपण लाख-कोटीत मोजतो. ते 'वान' म्हणजे दहा हजार आणि 'यी' म्हणजे दहा कोटी असे मोजतात. आलेखात मिलियन आलं की मी मनात दहा लाख करायचे, ती शंभर वान. दोघींची पेनं एकाच जागी थांबायची. ऐकण्याच्या सरावात मला आणखी एक अडचण होती. मराठीत सत्तावन्न म्हणताना आधी सात येतो, मग पन्नास. घाईत फोन नंबर उतरवताना माझे ५७ चे ७५ व्हायचे. तिच्याकडे तो घोळ नाही, चिनी आकडा सरळ पाच-दहा-सात असा चालतो.

एकदा सरावाचं कार्ड आलं, कुटुंबातल्या एका व्यक्तीबद्दल बोला. तयारीला एक मिनिट, बोलायला दोन. मी आत्याबद्दल बोलायचं ठरवलं आणि 'आंटी' म्हटल्यावर अडखळले. आंटी म्हणजे कोण, आत्या, मावशी, काकू की मामी? तिने लगेच विचारलं, "वडिलांची बहीण का? आमच्याकडे कूकू." आईच्या बहिणीला यीमा, मामाला चिउचिउ, वडिलांच्या मोठ्या आणि धाकट्या भावाला वेगवेगळे शब्द. त्या सकाळी परीक्षा राहिली बाजूला, आम्ही चाळीस मिनिटं नाती मोजली. ती ड्यूटीला उशिरा गेली.

तिच्याकडचं इंग्रजीचं वेडही आपल्यासारखंच. कॉलेजात सीईटी-४ नावाची इंग्रजीची परीक्षा, १९८७ पासूनची. अमीरपेठेचा त्यांचा थोरला भाऊ म्हणजे न्यू ओरिएंटल ही क्लासची कंपनी, १९९३ मध्ये पेइचिंगला यू मिनहोंग यांनी काढलेली. ते स्वतः कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते, तिसऱ्या खेपेला १९८० मध्ये पेइचिंग विद्यापीठात पोचले. हे तिने मला माझ्या निकालाबद्दल धीर द्यायला सांगितलं. तिच्या निबंधाची तऱ्हाही ओळखीची निघाली. शाळेत शिकवलेली चार पायऱ्यांची मांडणी, सुरुवात, विस्तार, वळण, समारोप. खरा मुद्दा वळणावर येतो. म्हणजे माझ्यासारखाच एकोणिसाव्या ओळीत! पण लेखनापुरतं तिने ते लवकर सोडलं होतं. मला सोडवत नव्हतं. मत पहिल्या परिच्छेदात सांगून टाकलं की उद्धटपणा केल्यासारखं वाटायचं.

हे मी एका रात्री बाबांना म्हटलं. बाबा दक्षिण मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, रेल निलयममध्ये तीस वर्षं इंग्रजी टिपणं लिहिलेले. ते म्हणाले, "तुझ्या आजोबांना विचारायला हवं होतं."

आजोबा परभणीकडचे. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यक आणि विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत, त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातंच काढलं होतं. घरात मराठी बोलणारे आजोबा भूमिती उर्दूत शिकले. त्रिकोणाला शेवटपर्यंत 'मुसल्लस' म्हणायचे, पावकी-निमकी मात्र मराठीतच. उस्मानियात आले, दोन वर्षं झाली आणि १९४८ उजाडलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी झालं. उर्दूत शिकलेलं सगळं विशीत पुन्हा इंग्रजीत. बाबा सांगत होते, आजोबा रात्री कंदिलाशी बसून उर्दू वहीतलं एकेक वाक्य तीन शब्दांत मोडायचे आणि मग ते तीन शब्द इंग्रजीत जुळवायचे. लांब वाक्य त्यांनी आयुष्यात पुन्हा लिहिलं नाही. बाबांना आलेली त्यांची पोस्टकार्डं घरात आहेत. 'पैसे पाठवले. पाऊस नाही. आई बरी.' मी ती लहानपणी वाचून म्हणायचे, आजोबा किती कोरडे.

दुसऱ्या दिवसापासून मी तसं केलं. निबंधाआधी पाच मिनिटं घ्यायची आणि मराठीत पोस्टकार्ड लिहायचं. 'पैसा आजार टाळण्यावर घालावा. गुडघा बदलणं महाग. वजन आटोक्यात ठेवणं स्वस्त.' मग ते इंग्रजीत. आधुनिक युग पोस्टकार्डात मावतच नाही! बाईंच्या लाल खुणा महिन्याभरात निम्म्यावर आल्या. द आणि ए अजून चुकत होते, ते आताही चुकतात, पण मत दुसऱ्या ओळीत होतं.

फक्त एका भागाची फेरपरीक्षा देण्याची सोय आता आहे, पण तो निकाल पुढची संस्था धरते का हे आधी विचारून घ्यावं लागतं. मी त्या भानगडीत न पडता पूर्ण परीक्षाच पुन्हा दिली. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा पंधरा हजारांच्या वर फी. निकाल फक्त दोन वर्षं चालतो, हेही ध्यानात ठेवा. आमच्या ओळखीच्या एकाने निकाल हातात ठेवून लग्न उरकलं आणि मग त्याची मुदत संपलेली.

या वेळी रायटिंग ६.५. लिसनिंग अर्ध्याने उतरलं, त्याचं काही नाही. आईने पुन्हा साखर ठेवली, पण आधी विचारून. कौन्सिलकडे अर्ज गेला आहे. आजींचा गुडघा एकशेदहापर्यंत वाकतो आणि त्या आता कॉटवर मांडी घालायची परवानगी मागतात, ती मी देत नाही.

तिची परीक्षा माझ्यानंतर दोन आठवड्यांनी होती. परवा (खरोखरचं परवा) सकाळी सहाला मेसेज आला. स्पीकिंग ७. खाली आणखी एक ओळ. सासूबाईंनी आनंदाने डंपलिंग केले आहेत, ही इज व्हेरी हॅपी.

लगेच दुसरा मेसेज. शी, शी, शी.