गुडघ्याखालची उशी की पोटावरचा साचा? प्रोस्टेटच्या रेडिएशनमध्ये पेशंटला स्थिर ठेवणारी साधनं

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' वगैरे बऱ्यापैकी काढले आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. कोडिंग नाही, करिअर नाही. गेल्या वर्षी माझ्या बाबांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरस्थ ग्रंथीचा कॅन्सर निघाला आणि रेडिएशन घ्यायचं ठरलं. आमच्याकडे अजूनही त्याला 'शेक देणं' किंवा 'लाईट देणं' म्हणतात. त्या काळात मी एका गोष्टीवरून टेक्नॉलॉजिस्टशी हुज्जत घातली होती, आणि नंतर कळलं की मी चुकीच्या गोष्टीवरून भांडत होते. आजचा एपिसोड त्याबद्दल.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वाचून, विचारून जे समजलं ते सांगतेय. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

भांडण कशावरून झालं?

प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनचा दिवस होता. शेजारच्या बाकावर एक काका होते, त्यांच्यासाठी पोटापासून मांड्यांपर्यंतचा जाळीदार प्लास्टिकचा साचा बनवला होता. बाबांना मात्र नुसतं गुडघ्याखाली एक निळं फोम आणि पावलं अडकवायला एक खाचेचा ठोकळा. झालं. मी विचारलं, "एवढे पैसे भरतोय आणि ह्यांना साधी उशी?" टेक्नॉलॉजिस्ट दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, उशी साधी आहे, काम साधं नाही." मला तेव्हा ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं.

मुळात हलू द्यायचं नाही म्हणजे काय?

प्रोस्टेट लघवीच्या पिशवीच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असतं. अक्रोडाएवढी ग्रंथी, आणि दोन्ही बाजूंचे शेजारी रेडिएशनला नाजूक. मशीन शरीराभोवती फिरत वेगवेगळ्या कोनांतून किरण सोडतं. स्कॅनच्या दिवशी पेशंट जसा झोपला होता तसाच रोज झोपला, तर किरण ठरलेल्या जागी पडतात.

आणि हे 'रोज' महत्त्वाचं. पूर्वी साधारण ३९ दिवसांत ७८ ग्रे असा डोस दिला जायचा. ब्रिटनमधल्या चिप नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, त्यानंतर २० दिवसांत ६० ग्रे ही पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली. आता निवडक पेशंटना फक्त ५ वेळांतही देतात. हिशोब बघा. ३९ मधला एक दिवस थोडा चुकला तर अडीच टक्के डोस इकडेतिकडे. ५ मधला एक चुकला तर थेट वीस टक्के. वेळा कमी झाल्या की प्रत्येक वेळेची अचूकता जास्त मोलाची होते.

बाहेरची तीन साधनं

*पहिलं, गुडघ्याचा आणि पावलांचा आधार.* बाबांना दिलेलं हेच. गुडघे थोडे वर उचलले की कंबर टेबलावर सपाट टेकते, पाठीवरचा ताण जातो आणि माणूस निवांत पडून राहतो. पावलं ठोकळ्यात अडकली की पाय बाहेर गळत नाहीत, त्यामुळे मांडीचं हाड आणि कंबर गोल फिरत नाही. हे फोम टेबलाच्या ठराविक नंबरच्या खाचेत बसवतात आणि तो नंबर फाईलमध्ये लिहिलेला असतो. एकच सेट सगळ्यांना चालतो, पुसून घेतला की पुढचा पेशंट. खर्च कमी, वेळ कमी. तोटा असा की हे कमरेला धरून ठेवत नाही. अस्वस्थ माणूस वरच्या अंगाने सरकू शकतो.

*दुसरं, व्हॅक्यूमची गादी.* बीन बॅग आठवते का? तसलीच, नायलॉनची जाड पिशवी, आत थर्माकोलचे बारीक मणी. पेशंट तिच्यावर झोपतो, कडा अंगाला दाबून घेतात आणि पंपाने हवा ओढून घेतात. मणी एकमेकांना घट्ट चिकटतात आणि पिशवी दगडासारखी कडक होते. तुमच्या अंगाचा ठसा तयार! ज्यांच्या पाठीला बाक आहे, एक पाय सरळ होत नाही, त्यांच्यासाठी फारच सोयीची. पण उपचार संपेपर्यंत ती गादी फक्त तुमची, म्हणजे रोज पन्नास पेशंट असलेल्या विभागात त्या ठेवायच्या कुठे हाच प्रश्न. आणि कुठे बारीक भोक पडलं की हवा आत शिरते आणि आकार हळूहळू ढिला होतो. म्हणून रोज हात लावून तपासावी लागते.

*तिसरं, थर्मोप्लास्टिकचा साचा.* त्या काकांचा. ही भोकं भोकं असलेली प्लास्टिकची शीट असते. साधारण ६५ ते ७० अंशांच्या गरम पाण्यात टाकली की ओल्या पापडासारखी मऊ होते. अंगावर ताणून बसवतात, कडा खालच्या पाटाला अडकवतात आणि काही मिनिटांत ती गार होऊन कडक होते. दिसायला सगळ्यात 'पक्कं' हेच. पण पोट म्हणजे डोकं नव्हे! डोक्याच्या कवटीवर साचा घट्ट बसतो, कारण खाली लगेच हाड आहे. पोटावर खाली चरबी, आतडी, श्वास. तीन आठवड्यांत वजन दोन किलो कमी झालं की साचा सैल, पोट फुगलं की घट्ट. साचा जिथे त्वचेला चिकटतो तिथे त्वचेवरचा डोसही थोडा वाढतो. आणि उन्हाळ्यात घामाने होणारी चिडचिड वेगळी.

मग सगळ्यात चांगलं कुठलं?

इथे मला धक्का बसला. मला वाटलं होतं की जितकं घट्ट तितकं अचूक. लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलात २००० च्या सुमारास पेशंटच्या मापाने बनवलेल्या साधनाची साध्या आधाराशी तुलना झाली होती, आणि मापाच्या साधनाने अचूकता काही लक्षणीय वाढली नाही. दुसऱ्या काही ठिकाणी साच्याने फायदा झाल्याचंही दिसलंय. म्हणजे उत्तर साधनावर कमी आणि ते वापरणाऱ्या टीमवर, पेशंटच्या अंगकाठीवर जास्त अवलंबून आहे.

पोटावर झोपवायचं की पाठीवर, हाही वाद होता. टोरांटोच्या एका चाचणीचा निकाल २००४ मध्ये आला: पाठीवर झोपल्यावर प्रोस्टेट कमी हलतं. कारण सोपं आहे. पालथं झोपलं की श्वासाबरोबर पोट दाबलं जातं आणि तो दाब थेट आत पोचतो. आता बहुतेक ठिकाणी उताणंच झोपवतात.

खरी गोम आत आहे

आता मुख्य मुद्दा. वरची तिन्ही साधनं हाडं धरतात. प्रोस्टेट हाडाला खिळलेलं नाही. गुदाशयात गॅस आला की ते पुढे ढकललं जातं, गॅस गेला की मागे येतं. लघवीची पिशवी भरत गेली की तिचाही दाब येतो. माणूस पुतळ्यासारखा पडला असेल, तरी आतली ग्रंथी काही मिलिमीटर सरकलेली असू शकते. सर्व्हर रॅकला स्क्रूने घट्ट बसवलाय, पण आतली हार्ड डिस्क सैल आहे, असं समजा.

अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन सेंटरमधून २००५ मध्ये आलेला एक अभ्यास ह्या बाबतीत फार गाजला. प्लॅनिंगच्या स्कॅनच्या दिवशी ज्यांचं गुदाशय फुगलेलं होतं, त्यांच्यात पुढे पीएसए वाढून आजार परत येण्याचं प्रमाण जास्त होतं. का? स्कॅनमध्ये प्रोस्टेट पुढे ढकललेलं दिसलं, प्लॅन त्या जागेसाठी बनला, आणि नंतर रोज ग्रंथी मागे, तिच्या नेहमीच्या जागी. एका दिवसाची चूक रोज रिपीट.

आपल्या भाषेत हे दोन प्रकारचे बग आहेत. एक, कॉन्फिगमधली चूक, म्हणजे प्रत्येक रनला तीच. दुसरी, रँडम, म्हणजे कधी इकडे, कधी तिकडे. डच शास्त्रज्ञ मार्सेल व्हॅन हर्क यांचं २००० सालचं एक सूत्र आहे: ग्रंथीभोवती किती जास्तीची जागा धरायची, तर कायमच्या चुकीची अडीच पट अधिक रँडम चुकीची ०.७ पट. समजा कायमची चूक २ मिलिमीटर, रँडम ३. म्हणजे ५ अधिक २.१, एकूण ७.१. रँडम चूक एक मिलिमीटरने कमी केली तर ६.४ येतं. पण कायमची चूक तेवढीच कमी केली तर थेट ४.६! म्हणून पहिल्या स्कॅनचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा.

एवढ्या मिलिमीटरने काय होतं? प्रोस्टेट ४ सेंटिमीटरचा गोळा धरा, साधारण ३३ घन सेंटिमीटर. भोवती ७ मिलिमीटर जागा धरली की ८२ होतात, ५ मिलिमीटर धरली की ६५. तो मधला फरक म्हणजे पिशवी आणि गुदाशयाचा निरोगी भाग. मिराज नावाच्या चाचणीत (२०२३) एका गटाला सीटीवर बघून ४ मिलिमीटर आणि दुसऱ्याला एमआरआयवर बघून २ मिलिमीटर जागा ठेवून ५ वेळांत रेडिएशन दिलं. सुरुवातीच्या महिन्यांत लघवीचा बऱ्यापैकी त्रास झालेले पेशंट पहिल्या गटात ४३.४ टक्के, दुसऱ्यात २४.४ टक्के.

आतून धरणारी साधनं

*फुगा.* गुदाशयात रोज एक मऊ फुगा घालून हवा किंवा पाण्याने फुगवतात. प्रोस्टेट टेकून राहतं आणि गुदाशयाची मागची भिंत लांब जाते. पण रोज, दर वेळी. मूळव्याध असलेल्यांना विचारा!

*स्पेसर.* हा जेल सुईने प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मध्ये टाकतात, साधारण एक सेंटिमीटर अंतर तयार होतं आणि काही महिन्यांत तो विरघळतो. गैरसमज नको: स्पेसर प्रोस्टेटला धरून ठेवत नाही. तो शेजाऱ्याला लांब नेतो, एवढंच. आणि महाग आहे.

*सोन्याचे दाणे.* हे धरत नाहीत, दाखवतात. तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक, सहसा तीन, ग्रंथीत बसवलेले. रोज मशीनवर फोटो काढून दाणे जुळवायचे आणि टेबल सरकवायचं. दाणे नसतील तर मशीनवरच छोटा सीटी काढून जुळवतात. बाबांचं असंच होतं.

मग बाहेरच्या साधनांची गरज संपली का? नाही. एक, टेबल सरकवून सरकलेलं अंग जुळतं, पण वळलेली कंबर दर मशीनवर जुळवता येत नाही. दोन, फोटो काढल्यानंतर किरण संपेपर्यंत जी मिनिटं जातात, त्यात माणूस हलला तर? आणि तिसरं, मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पॉप-आरटी चाचणीत (२०२१) जास्त जोखमीच्या पेशंटना ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींनाही रेडिएशन दिल्यावर आजार परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. त्या लसिका ग्रंथी मात्र हाडांच्या जवळ, हाडांबरोबर असतात. प्रोस्टेट जुळवायला टेबल हलवलं की तिकडचं थोडं हलतं. अशा वेळी कंबर रोज तशीच असणं फार कामाचं.

तो नवव्या दिवसाचा किस्सा

नवव्या दिवशी बाबांना टेबलावरून परत पाठवलं. "आत गॅस आहे काका, जरा फिरून या." बाबा बाहेर आले ते मान खाली घालून. मला म्हणाले, "मशीन बंद आहे म्हणे थोडा वेळ." मी त्यावरही चिडले. मग दादांनीच बाजूला घेऊन सांगितलं. आदल्या रात्री घरी छोले झाले होते. मीच केले होते. आणि बाबांना तीन दिवस पोट साफ होत नव्हतं, पण मुलीला कसं सांगायचं म्हणून गप्प होते.

मी साच्यासाठी भांडत होते, आणि खरं 'साधन' आमच्या स्वयंपाकघरात आणि बाबांच्या गप्प बसण्यात होतं. त्या दिवशी रिक्षात मी म्हटलं, "बाबा, हे लाजायचं नाही, हा डेटा आहे." ते म्हणाले, "अगं, डेटा काय, पोट आहे ते." पण दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागले.

तुम्ही काय विचाराल?

साधन कुठलं आहे ह्यापेक्षा हे प्रश्न विचारा:

– रोज फोटो काढून जुळवणार का? हाडं जुळवणार की प्रोस्टेट?
– स्कॅनच्या आधी पोट साफ आणि पिशवी भरलेली, ह्याची नेमकी पद्धत काय? किती पाणी, किती वेळ आधी?
– पोट फुगलेलं निघालं तर स्कॅन पुन्हा काढाल का?
– गुडघा, कंबर, पाठ दुखत असेल तर आधार बदलता येईल का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. दुखत असलेला माणूस कुठल्याही साच्यात हलतो. आरामात पडलेला माणूस साध्या उशीवरही स्थिर राहतो.

बाबांचे वीस दिवस पूर्ण झाले, तपासण्या चालू आहेत, आणि सध्या ते सकाळी फिरायला जातात. त्या दादांची मी माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, रोज एक जण भांडतो उशीवरून."

घरात कोणाचा उपचार चालू असेल तर हा एपिसोड त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि त्यांच्याशी पोटाबद्दल बोला, न लाजता. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!