एका दुरुस्तीची सतरा वर्षं

फोन आपोआप रीस्टार्ट झाला किंवा सर्व्हर कोसळला, की पहिलं निदान ठरलेलं असतं: मेमरी कमी पडतेय, रॅम वाढवा. कधी ते खरंही असतं. पण मेमरी कमी असणं वेगळं आणि मेमरीचा हिशेब चुकणं वेगळं. हिशेब चुकत असेल तर कितीही रॅम घाला, फरक पडत नाही. हा हिशेब कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठेवतो. इथे बोलायचं आहे ते लिनक्सच्या कर्नलबद्दल. प्रत्येक प्रोग्रामला वाटत असतं की सगळी मेमरी आपलीच आहे. प्रत्यक्षात कर्नल ती बहुधा ४ किलोबाइटच्या पानांत वाटत असतो. कोणतं पान कोणाचं, कोणी ते फक्त वाचायचं आणि कोणी त्यावर लिहायचं, या नोंदी सेकंदाला हजारो वेळा बदलतात. या लेखातले बग त्या नोंदींतले आहेत.

‘रॅम भरलेली दिसते, म्हणजे गळती आहे’ हा समज लवकर निकालात काढता येतो. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइल्स तो तिथेच साठवून ठेवतो आणि गरज पडली की ती जागा सोडतो. म्हणून ‘फ्री’ हा आकडा फसवा ठरतो. २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल ‘अव्हेलेबल’ असा वेगळा अंदाज देतो. पाहायचा तो आकडा.

याहून खोलवर रुजलेला समज असा, की बग म्हणजे कुणाच्या तरी निष्काळजीपणाने चुकलेली एक ओळ. ती शोधायची, बदलायची, काम झालं. मेमरी व्यवस्थापनातल्या बगांना हे चित्र सहसा लागू पडत नाही. तिथे प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर असू शकते. मोडतो तो दोन दूरच्या भागांमधला न लिहिलेला करार. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालेला ‘डर्टी काऊ’, नोंद क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. त्याची गोष्ट सावकाश सांगायला हवी, कारण त्यात बाकीचे बरेचसे गैरसमज आपोआप उलगडतात.

कॉपी-ऑन-राइट ही कर्नलची जुनी काटकसर आहे. दहा प्रोग्राम एकच फाइल वाचत असतील तर मेमरीत तिची एकच प्रत ठेवायची. त्यातल्या एखाद्याला स्वतःपुरता बदल करायचा असेल, तर त्या क्षणी त्याला त्या पानाची खाजगी प्रत काढून द्यायची आणि मूळ पान तसंच ठेवायचं. तलाठ्याच्या दप्तरात मूळ सातबारा राहतो आणि तुम्हाला झेरॉक्स मिळते. झेरॉक्सवर हवं ते खरडा, दप्तरातला कागद बदलत नाही. संपूर्ण सुरक्षा या एका गृहीतावर उभी असते.

आता प्रोग्रामला स्वतःचीच मेमरी फाइलसारखी उघडून तीत लिहिता येईल अशी एक वाट लिनक्समध्ये आहे. डीबगरसारख्या साधनांना ती लागते. या वाटेने कोणी फक्त वाचायच्या पानावर लिहायला आला, की कर्नल आधी ‘लिहिण्यासाठी पान द्या’ असं विचारी. पान लिहिता येण्याजोगं नाही, म्हणून खाजगी प्रत काढली जाई. प्रत तर झाली, आता लिहायला हरकत नाही, असं मानून कर्नल मागणीतला ‘लिहिण्यासाठी’ हा फ्लॅग काढून टाकी आणि पान पुन्हा शोधी. चूक नेमकी इथे होती. प्रत काढणं आणि पान पुन्हा शोधणं या दोहोंमध्ये अगदी बारीक फट होती. तेवढ्यात त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड ‘मला ती प्रत नको, टाकून द्या’ असं कर्नलला सांगू शकत होता, आणि तसं सांगणं पूर्णपणे कायदेशीर होतं. मग कर्नल पुन्हा शोधायला येई तेव्हा झेरॉक्स कचऱ्यात गेलेली असे. मागणी आता नुसती वाचण्याची उरलेली, म्हणून त्याच्या हाती मूळ कागद येई आणि तो त्यावरच लिही. अशा रीतीने ज्याला पासवर्डची फाइल किंवा रूटचे अधिकार देणारा प्रोग्राम फक्त वाचता येत होता, त्याला तो बदलता येऊ लागला.

यात कुठेही मेमरीच्या सीमेबाहेर लिहिलं गेलं नाही. पॉइंटर भरकटला नाही आणि काही कोसळलंही नाही. ‘क्रॅश नाही, म्हणजे बग नाही’ असं मानणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी हा बग समजून घ्यावा.

आणि निष्काळजीपणाचं म्हणाल, तर खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ही फट २००५ मध्येच पाहिली होती आणि बुजवायचा प्रयत्नही केला होता. पण आयबीएमच्या एस३९० या मेनफ्रेम प्रकारात ‘हे पान बदललंय’ ही खूण पानांच्या नोंदी ठेवणाऱ्या पेज टेबलमध्ये राहत नसे, ती हार्डवेअर दुसरीकडे ठेवत असे. त्यामुळे तिथे तो पॅच अडचणीचा ठरला आणि मागे घ्यावा लागला. तेव्हा ती फट निव्वळ कागदोपत्री धोका वाटत होती. पुढे कर्नलचा मेमरीचा भाग एकाच वेळी अनेक कामं अधिक मोकळेपणाने करू लागला, आणि कागदावरची फट प्रत्यक्षात गाठता येऊ लागली. २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून २०१६ पर्यंत ती उघडी होती. २०१६ च्या पॅचच्या टिपणात टोरवाल्ड्स यांनी हा सगळा इतिहास, आपला पहिला प्रयत्न वाईट होता या कबुलीसह, स्वतः लिहून ठेवला आहे. मला ते टिपण पॅचइतकंच मोलाचं वाटतं. पुढच्या माणसाला फक्त कोड मिळाला असता तर त्याची समज अर्धवटच राहिली असती.

‘ओपन सोर्स आहे, हजारो डोळे पाहतात, बग लपणार कसा?’ हा समजही इथेच ढासळतो. हा कोड नऊ वर्षं सर्वांसमोर होता. बग सापडला तो कोड वाचून नाही. सुरक्षा संशोधक फिल ओस्टर यांनी आपल्या सर्व्हरवर येणारी एचटीटीपी वाहतूक तपासासाठी टिपून ठेवली होती, आणि हल्लेखोराने चढवलेला प्रोग्राम त्यांना त्या साठ्यात मिळाला. म्हणजे बग वापरणाऱ्यांना आधी ठाऊक होता. कोड उघडा असण्याचा फायदा मात्र नंतर दिसला. फटीचं कारण, जुना पॅच, तो मागे घेण्यामागचं कारण आणि नवा पॅच, सगळं कोणालाही ताडून पाहता आलं.

आता ‘पॅच आला, विषय संपला’ याबद्दल. २०१६ च्या दुरुस्तीत दोन फायलींतल्या मोजक्या ओळी बदलल्या. कर्नलने ‘लिहिण्यासाठी’ ही मागणी सोडायची नाही, हा तिचा गाभा. प्रत खरोखर निघाली आहे का हे ओळखायला मात्र आधार घेतला तो पानावरच्या ‘बदललंय’ या खुणेचा. खूण आहे, म्हणजे प्रत निघालीच असणार. एस३९० ची अडचण ३.९ आवृत्तीत सुटली होती, त्यामुळे तेव्हा हा आधार पक्का वाटला.

वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ मध्ये, दिसलं की मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत कर्नलचा दुसराच एक भाग ही खूण प्रत न काढताही लावत होता. तिथे तोच बग पुन्हा वापरता येत होता. ती वाट बंद केली. २०२२ मध्ये तिसरी वाट निघाली. ५.१६ आवृत्तीत सामायिक मेमरीच्या कोडमध्ये एक बदल झाला होता आणि तिथेही खूण सरसकट लागू लागली होती. तो बदल करणाऱ्याने काही वावगं केलं नव्हतं. आपण लावलेली खूण दुसरीकडे कुणी पुरावा म्हणून वाचतं, हे त्या जागी कुठे लिहिलेलंच नव्हतं. अखेर कर्नल डेव्हलपर डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी त्या खुणेवर विसंबणंच बंद केलं. पान खरोखर एकट्या त्याच प्रोसेसचं आहे, हे स्वतंत्रपणे नोंदवणारी व्यवस्था त्यांनी आधी उभी केली होती. २०२२ मध्ये तपासणी तिच्यावर नेली आणि प्रत निघाल्याची नोंद ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीत घातलेला फ्लॅग काढून टाकला. २००५ ते २०२२, म्हणजे सतरा वर्षं. पॅच लिहायला वेळ लागला नव्हता. वेळ गेला तो प्रत निघाल्याचा खरा पुरावा कोणता हे ठरवायला.

शिवाय पॅच कर्नलमध्ये येणं म्हणजे तो तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत पोहोचणं नव्हे. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने ‘झेडएनआययू’ हा, लिनक्स कर्नलवरच चालणाऱ्या अँड्रॉइडवरचा, मालवेअर जाहीर केला. तो डर्टी काऊच वापरत होता. मूळ दुरुस्ती होऊन जवळजवळ वर्ष लोटलं होतं, आणि बाधितांपैकी बहुसंख्य चीन आणि भारतातले होते. कर्नल ते चिप बनवणारी कंपनी, तिथून फोन बनवणारी, तिथून तुमचा फोन. या साखळीत स्वस्त फोन सर्वांत मागे राहतात आणि आपल्याकडे तेच सर्वाधिक विकले जातात. याचा मला राग येतो. कर्नल दुरुस्त करणाऱ्यांनी केलेल्या मेहनतीचं फळ माणसाच्या फोनच्या किमतीवर अवलंबून असू नये.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांत आढळणारा एक समज असा: मेमरी मागितली आणि मिळाली नाही तर कर्नल ‘नाही’ म्हणेल, मग आपण पुढचं पाहू. पण ८ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ किलोबाइटपर्यंतची नेहमीची मागणी कर्नल सहसा नाकारतच नाही. तो थांबतो, पानं मोकळी करतो, शेवटी ओओएम किलर एखादी प्रोसेस मारतो, पण मागणी पुरी करायला धडपडत राहतो. परिणाम असा, की ड्रायव्हरमधला ‘मेमरी मिळाली नाही तर’ हा कोड वर्षानुवर्षं चालतच नाही. त्यात बग असतील तर ते झोपून राहतात. आणि मेमरीसाठी थांबलेल्या थ्रेडने एखादं लॉक धरलं असेल, ओओएम किलरने निवडलेली प्रोसेस मरण्यासाठी त्याच लॉकची वाट पाहत असेल, तर सगळं तिथेच अडकतं. म्हणूनच मागण्या मुद्दाम अयशस्वी करून पाहण्याची सोय कर्नलमध्ये ठेवली आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ती वापरावीच.

साधनं आता खूप सुधारली आहेत. २०१५ पासून कर्नलमध्ये असलेलं कासान हे साधन मुक्त केलेल्या किंवा सीमेबाहेरच्या मेमरीला हात लागताच जागेवर पकडतं. त्यासाठी ते दर ८ बाइटमागे एक बाइट नोंदीला राखून ठेवतं आणि मशीन बरंच मंदावतं, म्हणून ते प्रयोगशाळेत चालवतात. चालू सर्व्हरसाठी २०२१ मध्ये केफेन्स आलं. ते थोड्याच मागण्यांवर पहारा ठेवतं. गूगलचं सिझकॉलर रात्रंदिवस चित्रविचित्र सिस्टम कॉल मारून पाहतं. पण डर्टी काऊ कासानच्या हाती लागला नसता, कारण तिथे ज्या पानावर लिहिलं गेलं ते पान पूर्णपणे वैध होतं.

‘रस्टमध्ये लिहिलं की हे सगळे बग जातील’ या आशेलाही हेच उत्तर आहे. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत रस्टचा पाया लिनक्समध्ये आला, आणि तो यायलाच हवा होता. मुक्त केलेलं पान वापरण्यासारख्या चुका त्या भाषेत खरोखर कमी होतात. पण ‘प्रत निघाली आहे, हे कशावरून?’ हा प्रश्न कोणताही कंपायलर आपणहून विचारत नाही. तो प्रोग्रामरलाच मांडून द्यावा लागतो.

राहिला आवृत्तीच्या आकड्याचा गैरसमज. ‘माझा कर्नल ४.४ आहे, म्हणजे जुना, म्हणजे असुरक्षित’ असं थेट ठरत नाही. डर्टी काऊची दुरुस्ती ४.८.३ मध्ये आली तशीच ४.४.२६ मध्येही आली. दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांत दुरुस्त्या मागे नेऊन लावल्या जातात, आणि काही वितरक तर वरचा आकडा न बदलताच त्या लावतात. म्हणून सर्व्हरवर वितरकाच्या बदलनोंदीत सीव्हीई क्रमांक शोधावा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधली सुरक्षा पॅचची तारीख पाहावी. ती वर्षभर जुनी असेल आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर त्या फोनवर बाहेरून मिळालेली अॅप्स घालू नयेत. झेडएनआययू अशाच अॅप्समधून पसरला होता.